नाव परत करायला

"रितेश, तुझं नाव परत कराला आले," म्हणत ताराबाईंनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला.

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर रितेशचं कॉम्प्युटरचं दुकान. टोकावड्याच्या ताराबाईंच्या बचत गटाला हातसडीचा तांदूळ इंटरनेटवर विकायचा होता, तेव्हा 'कांडण' हे वेबसाइटचं नाव त्यानेच सुचवलं आणि नोंदवूनही दिलं. आता ते पिशव्यांवर छापून पार पुण्यापर्यंत गेलं होतं.

"माझ्या भाच्यानं, प्रज्वलनं, वाशिंदला असंच दुकान टाकलंय. घरचं माणूस सोडता येत नाय रे. पण नाव तुझ्या दुकानाचं, ते कसं न्याचं? आमी दुसरं घेऊ."

त्या गेल्या की आजूबाजूचे गटही जाणार, हे रितेशला दिसत होतं. आणि त्यांचा गैरसमज दूर न करता तो नुसता गप्प बसला असता तरी पुरे होतं. नाव सुटतंय म्हटल्यावर गटातल्या बायकांनीच प्रज्वलला नको म्हटलं असतं. फायदा असा आयता दारात आला, की माणसाची खरी पंचाईत होते.

त्याने डबा उघडला. आत नवा तांदूळ होता. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही गावाकडची रीत ताराबाईंनी नावालाही लावली होती. रितेशला स्वतःची लाज वाटली.

"काकी, गावकीची लग्नाची भांडी कशी देतात?"

"दोन्ही आळ्यांत भांड्यांच्या खोलीची किल्ली हाय. आळ्यांचं पटत नाय, पण तारीख देवळातल्या एकाच फळ्यावर लिवतात. आधी लिवली त्याची भांडी."

"तसंच हे. मी, प्रज्वल, अशी दुकानं खंडीभर. एकमेकांचं गिऱ्हाईक ओढतो, पण नावं सगळे एकाच ठिकाणी नोंदवतो. तिथं 'कांडण' तुमच्या गटाच्या नावावर लागलंय. मी नुसता किल्लीवाला. तुमी मागितली की द्याची, प्रज्वल पुढं बघंल."

"म्हंजे पिशव्या बदलाच्या नाय?"

"नाय."

ताराबाईंनी पदराने डोळे टिपले. "आन् तुझं काय रे?"

"माझं चालंल, काकी."

त्याने नाव हलवायची किल्ली, म्हणजे स्क्रीनवरचे आकडे आणि अक्षरं, चिठ्ठीवर उतरवली, तांदूळ पिशवीत ओतून घेतला, डबा पुसला आणि चिठ्ठी आत ठेवून झाकण लावलं.

"रिकामा कसा देऊ?"

आत एवढीशी चिठ्ठी. पण काठोकाठ भरलेला डबा न्यावा तसा तो दोन्ही हातांनी धरून ताराबाई टोकावड्याच्या एसटीकडे निघाल्या.