मुंबई ते नागपूर, दोन तास

टिकारामजींनी बालाघाटकडच्या हट्टा गावाची पडीक जमीन कसणीला आणली, त्यांचे पुत्र दादाजी यांनी तिला पाणी दिले आणि दादाजींचा पुत्र प्रेमलाल, माझा धाकटा भाऊ, याने आपल्या एकुलत्या एका मुलाला, भोजराजला, शिकवून मुंबईला धाडले. हे आधी सांगते, कारण आमच्या घराण्यात बापाच्या चितेला परक्याचा हात कधी लागला नव्हता.

चौसष्टच्या पौषात प्रेमलाल गेला. तार दुपारी भोजराजला मिळाली. संध्याकाळच्या मेलने निघता, तर गोंदियाला बालाघाटची छोटी गाडी त्याला सापडली असती आणि दुसऱ्या दिवशी ऊन असतानाच तो दारात पोचला असता. परंतु कचेरीतील मित्राने सकाळच्या विमानाचे तिकीट देऊ केले. घराण्यात विमानात बसणारे पहिले आपण, हे गावाला कळावे असेही त्याच्या मनात आले. पुढे त्यानेच मला सांगितले. मेल त्याने सोडली आणि उलट तार केली : विमानाने दोन तासांत येतो, थांबा.

ते दोन तास हट्ट्यापर्यंतचेच, असे साऱ्या गावाने धरले. काही जण बावलीपाशी, गावच्या पायऱ्यांच्या विहिरीपाशी, आभाळ पाहत उभे राहिले. विमान वेळेवर उतरले, पण नागपुरास. पुढची गाडी तोवर निघून गेली होती. सूर्य मावळल्यावर आमच्यात अग्नी देत नाहीत. अखेर बांधाशेजारच्या खेमराजला मी विस्तवाचे मडके धरायला सांगितले. भरवेलीच्या खाणीतले काम सोडून त्याने मुंडण केले आणि दहा दिवस घोंगडीवर बसून सुतक पाळले.

भोजराज दुसऱ्या सकाळी आला. राख कोमट होती.

"विमान हट्ट्याच्या वावरात उतरत नाही, हे तुले मुंबईत कोनी सांगितलं नाही?" मी विचारले.

त्याने मान खाली घातली. त्यानंतर दरवर्षी तो आला, पण माझ्यासमोर ती मान वर झाली नाही. खेमराजला तो धोतरजोडी आणी. खेमराज ती परत करी आणि हसे.

"आभाळात आवाज आला का मी वर पाहतो, बाबू. म्हनतो, तूच येऊन राह्यला का."

भोजराज त्या थट्टेवर कधी हसला नाही.

सात वर्षांनी खेमराज गेला. त्याला मूल नव्हते. मागे एकटी बायको, मैनाबाई. मी तार केली. त्याच मित्राने पुन्हा विमानाचे नाव काढले. भोजराज मात्र त्याच संध्याकाळच्या मेलमध्ये, जागा नसताना, दाराशी उभा राहून निघाला. ऊन असतानाच तो अंगणात आला. मडके खेमराजच्या पुतण्याच्या हाती होते.

"ते मले द्या," तो मैनाबाईला म्हणाला. तिने पुतण्याला बाजूला केले.

त्याने अग्नी दिला, मुंडण केले आणि त्याच घोंगडीवर दहा दिवस बसला. कचेरीच्या तारा येत राहिल्या. त्याने त्या उघडल्या नाहीत. दहाव्या दिवशी नदीवरून परतल्यावर मी त्याला जवळ बोलावले.

"भोजराज, आता मान वर कर. फिटलं."

त्याने केली.