पाइनी कशी उडाली

"तुलाच काय, हे कुणालाच खरं वाटणार नाही," असं म्हणत सादिमन म्हाताऱ्याने ताट पुन्हा नातीपुढे सरकवलं. "पण माझी धाकटी बहीण पाइनी वाऱ्यावर बसून सुमात्राला गेली. नावेत पाऊलसुद्धा न टाकता."

वेनिंगने ताटाकडे पाहिलं नाही. उकडलेलं अंडं, आंबवलेल्या सोयाबीनची तळलेली वडी म्हणजे तेंपे, खोबरं घातलेली पालेभाजी, आणि आईने वाटीने मापून ठेवलेला तीन घासांचा भात. वेनिंगच्या दंडात इन्सुलिनची सुई टोचून आई नुकतीच शाळेत शिकवायला गेली होती. जाताना तिने आपल्या म्हाताऱ्या वडिलांना दोनदा बजावलं होतं: सुई घेतली की पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर पोर थरथरायला लागेल, शुद्ध हरपेल. म्हाताऱ्याने दोन्ही वेळा मान डोलावली होती. आता तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता.

रुसवा कालचा होता. शेजारच्या घरी नव्या बाळाच्या आनंदात गल्लीतल्या मुलांना जेवण घातलं होतं. बायकांनी विचारलं, जेवलीस का गं? वेनिंग घरून अंडं, टोफू, भाजी पोटभर खाऊन गेली होती. पण जावा बेटावरचा माणूस पाच केळी आणि वाडगाभर शेवया खाऊनही 'अजून जेवायचोय' असंच सांगतो. भात पोटात गेला नाही तर ते जेवण कसलं? पोरीने खरं ते सांगितलं, नाही म्हणाली. झालं, केळीच्या पानावर भाताचा डोंगर आला. ती पहिला घास उचलतेय तोच आई पोचली आणि तिने सगळ्यांदेखत ते पान ओढून घेतलं. मुलं हसली.

"हे जेवण नाहीच," वेनिंग म्हणाली. "आईला मी उपाशी राहिलेली आवडते."

"बरं. नको जेवूस. नुसतं खा. एक घास खाल्लास की मी एक वाक्य सांगणार. तोंड बंद, तर माझंही बंद."

वेनिंगने थोडा वेळ तग धरला. मग अंड्याचा एक तुकडा तोंडात गेला.

म्हातारा सुरू झाला. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. गावात भात अजून उखळातच कांडत, आणि पहाटे त्या मुसळांच्या ठेक्याने कोंबड्यांच्याही आधी जाग यायची. नव्या तांदळाचा वास असा, की आजारी माणूस उठून चुलीशी येऊन बसे. पाइनी सहा वर्षांची. तिला तहान लागायची. साधीसुधी नव्हे, एका दुपारी तिने विहीर तळापर्यंत पिऊन टाकली आणि संध्याकाळी बेडूक तक्रार घेऊन बापाच्या दारात आले.

वेनिंगला हसू आलं. तेंपे संपलं.

शिवाय पाइनी इतकी गोड, की अंगणात ती लघवीला बसून उठली की मुंग्यांची वरात निघायची. काळ्या, लाल, सगळ्या जातींच्या. गावातली पोरं ती बघायला गोळा व्हायची. आणि भूक तर विचारूच नका. खाई ढीगभर, पण दिवसेंदिवस वाळत चाललेली. त्यांची आई म्हणायची, पोरीच्या अंगाला लागत नाही, अजून एक पळी वाढा. रोज एक पळी जास्त. घरातली सगळी आपापल्या पानातला भात तिच्या पानात सारायची.

"तुम्हीसुद्धा, म्बाह?" वेनिंगने विचारलं. आजोबांना ती म्बाह म्हणायची.

"मी सगळ्यात जास्त." म्हाताऱ्याने लुंगीच्या टोकाने चमचा पुसला. चमचा स्वच्छच होता. "खा, भाजी राहिली."

वेनिंगने भाजी खाल्ली. भाताचे तीनही घास खाल्ले, सावकाश, त्याच्या तोंडाकडे बघत.

म्हाताऱ्याने आता वेग घेतला. वाळता वाळता पाइनी पिसासारखी हलकी झाली. पतंगांच्या दिवसांत वारा सुटला आणि तिला उचलून घेऊन गेला. नारळांवरून, ज्वालामुखीवरून, समुद्रावरून, थेट सुमात्राला. तिथे तिने कॉफीच्या मळेवाल्याशी लग्न केलं. अकरा मुलं झाली, सगळी गुबगुबीत. परवाच पत्र आलं तिचं, विचारत होती, वेनिंग कशी आहे.

ताट रिकामं झालं होतं. वेनिंगने बोटाला लागलेलं शीत चाटलं.

"मला सुई लागली तेव्हा नर्सबाईंनी आईला हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "पोर फार पाणी पिते का, वाळलीय का, लघवीला मुंग्या लागतात का." तिने रिकामं ताट बाजूला सारलं. "खोटं सांगताय तुम्ही. ती उडाली नाही, म्बाह."