तबकडीवरची हलगी

बहात्तर साली केडगावच्या चौघांनी स्वतःच्याच हिमतीवर गाण्यांची तबकडी काढायची ठरवली, तेव्हा गावाने त्यांना वेड्यात काढलं. तसंच होतं म्हणा! म्होरक्या काकासाहेब रेडिओवर अरबस्तानापासून आफ्रिकेपर्यंतची स्टेशनं पकडायचा आणि तिकडच्या चाली अकॉर्डियनवर आपल्या लावणीत मिसळायचा. ताल सहादेवकडे.

त्याच सुमारास सहादेवची आई राहीबाई वारली. "मला हलगी वाजवत न्या," एवढंच तिनं मागितलं होतं. पण बापाने, पुंजारामने, बौद्ध झाला त्या दिवशीच हलगी विहिरीत टाकून ती पुन्हा घरात न वाजवण्याची शपथ घेतली होती. गावाच्या मयतीपुढे ती बडवण्यात त्याचा बाप आणि आजा झिजले होते. "पुन्यांदा न्हाई म्हंजे न्हाई. घरच्या मानसासाठीबी न्हाई," तो म्हणाला. त्याचं चुकलं असंही सहादेवला म्हणता येईना. राहीबाईला मुकाट्यानंच नेलं. सहादेवला रडू आलं नाही. तो जेवायचा, झोपायचा, सरावाला जायचा. पण आत सगळं बधिर, दात काढल्यावर गाल होतो तसं.

पुण्यात ध्वनिमुद्रणाच्या वेळी शेवटच्या गाण्याला काही केल्या रंग चढेना. काकासाहेबाने कुठूनशी मागून आणलेली हलगी कोपऱ्यात पडली होती. सहादेवने ती उचलली. लहानपणी ऐकलेला एकच ठेका त्याच्या हातात होता, मयतीपुढचा. त्या नाचऱ्या चालीखाली त्याने तोच धरला.

"लई झकास! कुठला रं ह्यो? आफ्रिकेचा?" काकासाहेबाने विचारलं.

"व्हय," सहादेव म्हणाला.

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! गावात तो ठेका कित्येक वर्षांत वाजलाच नव्हता. वाजवून झालं तरी सहादेवच्या आत काही हललं नाही.

तबकडी हातात आली, तसा तो काकासाहेबाचा ग्रामोफोन घेऊन बापापुढे बसला. बाप घराबाहेर काढील ही भीती होतीच, पण लपवायचं नव्हतं.

"तुमची शपत मोडली, आबा. आईसाठी," असं सांगून त्याने सुई टेकवली.

हलगी सुरू झाली. पुंजाराम ताडकन उठला. आता तबकडी फोडतो, असं सहादेवला वाटलं. पण म्हातारा ग्रामोफोनकडे पाठ करून, तिरडीपुढे चालावं तसा, ठेक्यावर एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याशी थांबला.

"बंद कर आता," तो पाठमोराच म्हणाला. "पोचली ती."

सहादेवला तेव्हाही रडू आलं नाही. सुई उचलताना तेवढी हातातून निसटली, आणि तबकडीवर कायमचा ओरखडा उठला.