रापणीतले सगळे

"अननोन म्हणजे काय गो?" शेवंतीने विचारलं, आणि संजनाने खरं ते सांगून टाकलं. शेजारची पोरगी, कॉलेजात जाणारी. पण कुठे गप्प बसावं हे कॉलेजात थोडंच शिकवतात!

"अननोन म्हणजे अज्ञात. कोण तो म्हायत नाय, असलो."

"कोण म्हायत नाय?"

"गाणारो." संजनाने सीडीच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं डोळ्यांजवळ धरली. "चौथां गाणां, 'ओढ'. पारंपरिक कोळीगीत. आवाज, अज्ञात."

मालवणच्या मासळी बाजारात भर सकाळी शेवंतीचा कोयता सुरमईवर थांबला. समोर गिऱ्हाईक तुकड्यांसाठी ताटकळत होतं. असू दे ताटकळत. ज्या माणसाशी तेहतीस वर्षं संसार केला, ज्याची हाक तारकर्लीच्या किनाऱ्यावर सुटली की देवबागेतली कुत्री भुंकायची, तो अज्ञात?

"शिरा पडो तेंच्या तोंडार!" ती अशी कडाडली की पलीकडच्या ओळीतल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. "आणि कोळी खंयचो? आमी गाबीत. मेल्यांनी माझ्या घोवाची जातसुदा बदलल्यानी!"

तिचा घोव म्हणजे बाळा मेथर. पण हे नाव शेवंतीच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं. लग्नात एकदाच तिने ते उखाण्यात घेतलं, तेही सासूने चिमटा काढला म्हणून. त्यानंतर "हे", "आमचे हे", आणि डोकं फिरलं की "तो मेलो". जुन्या वळणाची बाई. नवऱ्याशी भांडायला ती कधी लाजली नाही, नाव घ्यायला मात्र लाजायची.

बाळा रापणीला हाक घालायचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. चाळीस माणसं दोन बाजूंनी दोर ओढणार, तेव्हा कुठे ते वाळूला लागणार. सगळ्यांचा जोर एकाच वेळी पडायला हवा, म्हणून एकाने हाक घालायची आणि बाकीच्यांनी ओ देऊन ओढायचं. रापणीचा कायदाही सोपा: दोराला हात लागला त्याला वाटा. मग तो म्हातारा असो, वाटेने जाणारा पाहुणा असो, नाहीतर अर्ध्यावर येऊन चिकटलेला असो. बाळा स्वतः उभा राहून वाटे घालायचा, अनोळखी दिसला की त्याला नाव विचारायचा आणि मगच मासळी द्यायचा. हाक घालणाऱ्याचा वाटा सगळ्यांत शेवटी. उरलं तर.

पुष्कळदा उरायचं नाही. हा गृहस्थ दोन बांगडे हलवत हसत घरी यायचा आणि शेवंतीच्या शिव्या खायचा.

निकेत हा बाळाच्या थोरल्या भावाचा मुलगा. मुंबईत एका स्टुडिओत कामाला, आणि कॉम्प्युटरवर स्वतःचं संगीत रचणारा. डबस्टेप म्हणतात म्हणे त्याला. त्यात गाणं कमी आणि हादरा जास्त. बसल्या जागी छातीची फळी थरथरते. दोन हजार आठच्या ऑक्टोबरात तो गावी आला, आणि रापण ओढली जात असताना त्याने एका छोट्या मशीनवर सगळं उतरवून घेतलं: हाक, ओ, लाट, दोर, सगळं. पुढच्याच वर्षी बाळाच्या घशात गाठ निघाली. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून गळ्यात सुतळीने अडकवलेली शाळेची पाटी आणि खिशात पेन्सिलीचा तुकडा. त्यावर बोलणं किती होणार? "पाणी." "मीठ कमी."

आणि मग दोन हजार दहाच्या दिवाळीनंतर निकेतचा पहिला अल्बम आला. 'ओढ'. रापणीवरच्या विकीने गणपतीतले मोठे स्पीकर काढून अंगणात लावले. फळीवरची ताटं वाजायला लागली, तुळशीतली पणती कलंडली. "गिरण बिघाडली रे निकेतची!" हरिश्चंद्र ओरडला, आणि सगळे पोट धरून हसले. हरिश्चंद्र म्हणजे रापणीचा सर्वांत जुना गडी, त्याच्या जिभेला कसला लगाम! पण चौथ्या गाण्यात मध्येच सगळा दणका थांबला, आणि त्या शांततेत बाळाची हाक आली. पहिल्यासारखीच भरदार, शेवटाला किंचित चिरकणारी. पाठोपाठ चाळीस जणांचा ओ, आणि त्याच्याखाली जमिनीतून यावा तसा हादरा.

हरिश्चंद्राचं हसू तिथेच विरलं. बाळा उठला, स्पीकरवर तळहात टेकून गाणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला. शेवंती चुलीपाशी जाऊन रडून आली. आवाज घरात परत इलो, असं ती नंतर आठ दिवस येईल त्याला सांगत होती.

तोच हा आवाज. आणि म्हणे अज्ञात!

तिने संजनाच्या मोबाइलवरून निकेतला बाजारातूनच फोन लावला. पहिली दोन मिनिटं त्याला बोलायला मिळालंच नाही.

"काकी, आयक मगे," तो शेवटी म्हणाला. "फॉर्मात गाणाऱ्याचां नाव विचारलेलां. मी लिवलंय, 'रापणीतले सगळे'. काका आयुष्यभर तसाच सांगत इलो ना? एकट्याचां नाव लिवलां असतां तर तेकाच आवडलां नसतां. पण कंपनीक 'सगळे' ह्यां नाव वाटूक नाय. तेंनी माका न विचारता बदलल्यानी."

"म्हणजे चाळीस माणसां म्हणजे कोणच नाय?"

 निकेत म्हणाला, रविवारी तारकर्लीच्या एका रिसॉर्टवर कंपनीने कार्यक्रम ठेवलाय, मालक स्वतः येणार आहे, तू काकाला घेऊन ये.

शेवंतीला आमंत्रणाची गरज नव्हतीच. रविवारी दुपारी चार वाजता ती इरकली लुगडं नेसून, बाळाला पुढे घालून त्या रिसॉर्टच्या फाटकातून आत शिरली. जिथे रापण लागते त्याच वाळूवर पांढरा मांडव. मांडवावर मोठा फलक, फलकावर बाळाच्या होडीचा फोटो. होडी चालली, होडीवाला चालला नाही.

कंपनीचा मालक जितेंद्र, पस्तिशीतला, गोड बोलणारा. "मावशी, गैरसमज झालाय," तो हात जोडून म्हणाला. "अहो, अज्ञात म्हटलं की लोकांना एक गूढ वाटतं. बाहेरच्या देशात फार चालतं ते."

"गूढ?" शेवंतीने कमरेवर हात ठेवले. कचेरीत बोलायची मराठी तिला येत होती, आणि संतापली की ती जास्तच शुद्ध यायची. "हे समोर उभे आहेत ते गूढ आहेत का? पाटी गळ्यात घातलेलं गूढ कधी बघितलंत? तुम्ही फोटो घेतलात, होडी घेतलीत, आवाज घेतलात. नाव तेवढं जड झालं?"

चार माणसं बघायला लागली. जितेंद्रचं हसू जरा आखडलं. दुसऱ्या छपाईच्या कागदावर निकेतची सही अजून व्हायची होती, आणि निकेत काकीच्या शेजारी हाताची घडी घालून उभा होता.

"ठीक आहे," जितेंद्रने बॅगेतून कंपनीचं नाव छापलेला कोरा कागद काढला. "दुरुस्ती करू. पण जागा एका नावाची आहे. काकांचं घालू. त्यांनाच लिहू द्या."

शेवंतीचा ऊर भरून आला. याचसाठी तर ती आली होती. तिने पेन बाळाच्या हातात दिलं.

बाळाने लिहिलं: शेवंती.

"ह्यां काय? माझां नाव कित्याक?"

बाळाने दोन्ही मुठी पुढे धरून दोर ओढल्यासारखं केलं, मग तिच्याकडे बोट केलं. आणि तिला आठवलं. निकेतने हाक उतरवून घेतली त्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून तिने मासळीची टोपली खाली ठेवून दोराचं शेपूट धरलं होतं. गाण्यातल्या त्या ओमध्ये मागून एक किनरा आवाज येतो. कोणाची तरी पोर असेल, असं तिला वाटलं होतं.

बाळा लिहीतच होता. हरिश्चंद्र. विमला. सुगंधा. विकी. तारकर्लीचे, वायरीचे, देवबागचे. त्या दिवशी गंमत म्हणून दोराला हात लावणारा पुण्याचा पाहुणा, निमकर, त्याचंसुद्धा.

"अहो काका, हे मावणार नाही," जितेंद्र म्हणाला.

"गप रव!" निकेत म्हणाला.

ओळी संपल्या, मग समास भरले, मग तळाची पट्टी. एक्केचाळीस नावं झाली. कागदावर बोट टेकायला जागा उरली नाही. बाळाने पेनला टोपण लावलं आणि समाधानाने हसला. बांगडे हलवत घरी यायचा तेव्हा हसायचा, तसाच.

आणि शेवंतीचा बांध फुटला.

"सगळे झाले, आणि तुमचां?" ती ओरडली. तिला जितेंद्रचा राग आला होता त्याच्या दुप्पट आता नवऱ्याचा आला. "जन्मभर शेवटी! जन्मभर उरलां तर! आवाजसुदा गेलो, आणि अजून वाटेच घालतास? ह्यो वाटो मी सोडूचंय नाय, सांगून ठेवतंय!"

तिने पेन हिसकावलं. कागद उलटसुलट बघितला. जागा एकच होती, माथ्यावर, जिथे कंपनीचं नाव निळ्या अक्षरांत छापलं होतं. त्या निळ्या अक्षरांवरूनच तिने चौथी पास बाईच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं, एवढं दाबून की कागद दोन ठिकाणी फाटला.

"वाच," तिने कागद जितेंद्रच्या छातीशी धरला. तो अडखळला, तशी ती म्हणाली, "थांब. मीच वाचतंय."

आणि लग्नातल्या उखाण्यानंतर तेहतीस वर्षांत पहिल्यांदा, भर मांडवात, पदर न सावरता, तिने नाव घेतलं. घेतलं कसलं, हाक घातली. "बाळा मेथर!" खाली पाण्याजवळ जाळं झाडणारी माणसं थबकून वर बघायला लागली.

बाळाने सवयीने ओ द्यायला तोंड उघडलं. काही आलं नाही. मग त्याने शाळेतल्या हजेरीला करतात तसा हात वर केला, आणि शेवंतीने तो खाली घेईपर्यंत तो वरच राहिला.