रुसून घेतलेली सायकल

"बाबा, आज काठी काढा," सोजर म्हणाली.

निवृत्तीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेतातल्या खळ्यात उभ्या सायकलच्या कॅरियरला त्यानं सुतळीनं चार हात लांबीचा वेळू आडवा बांधला होता. सायकल कलली की वेळूचं टोक जमिनीला टेकायचं, सायकल तिरपी अडकून राहायची आणि पोर खाली सापडायची नाही. वडनेरातली सगळी पोरं अशीच शिकत. फरक एवढाच, की पोरी शिकत नसत, आणि शिकवणाऱ्याला सायकल येत असे.

निवृत्तीला येत नव्हती.

ही गोष्ट गावात फक्त त्याच्या बायकोला, मंजुळाला ठाऊक होती, आणि तिनं ती दहा वर्षं पोटात ठेवली होती. नवऱ्याचं हसं झालं तर त्यात आपणही आलोच, एवढा तिचा हिशेब साधा होता.

झालं होतं असं. महाराष्ट्र झाला त्याच्या पाच वर्षं आधी निवृत्तीचं लग्न सोनाळ्याच्या उकंडरावांच्या मंजुळाशी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाळ्याच्या मांडवात पंगत बसली, पानं वाढून झाली, आणि निवृत्तीच्या मामानं त्याच्या कानात सांगितलं, "आता हात लावू नको पानाले. रुसून बस. सायकल माग." जावयानं रुसायचं असतं आणि सासऱ्यानं त्याची समजूत काढायची असते, हे निवृत्तीलाही माहीत होतं. आपल्याला सायकल येत नाही, हे मामाला सांगावं असं त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण चारचौघांत ते बोलायचं कसं? तो मान खाली घालून बसून राहिला. नवरदेवानं घास घेतला नाही म्हणून वऱ्हाडातल्या मोठ्यांनीही घेतला नाही. दिवस मावळायला आला तेव्हा मांडवाच्या दारात कोरी सायकल उभी होती.

आता ज्यानं सायकलीसाठी पंगत दिवसभर अडवून धरली, त्यानं "मला चालवता येत नाही" म्हणायचं कुठल्या तोंडानं?

तेव्हापासून तो सायकल हातात धरून चालत होता. बाजाराच्या दिवशी वांग्यांची पोती लादून नांदुऱ्याला चालत जायचा, रिकामी पोती घेऊन चालतच यायचा. ओझ्यामुळे चालतो, असं लोकांना जाताना वाटे. येताना वाटे, की निवृत्ती सायकलीला जिवापाड जपतो. तेही खोटं नव्हतं. गावात इतकी घासूनपुसून ठेवलेली सायकल दुसरी नव्हती. पंक्चर काढणं, तेल देणं, वाकडं चाक सरळ करणं, सगळं त्यानं शिकून घेतलं होतं. फक्त तिच्यावर बसायचं राहून गेलं होतं.

आणि आठ वर्षांच्या सोजरनं हट्ट धरला, मला शिकवा. गावात इतके सायकलवाले असताना तिनं बापालाच धरलं. नाही म्हणावं तर कारण काय सांगणार? गावातले सायकलवाले दूधवाले आपल्या पोरांना शिकवताना जे सांगत, तेच तो सोजरला सांगू लागला. चाकाकडे पाहू नको, समोर पाहा. हँडल आवळू नको. ज्या बाजूला पडशील असं वाटतं, त्या बाजूला वळव. पाठ केलेली आरती म्हणावी तसा तो हे म्हणत असे, आणि मनातून रोज नवल करत असे, की हे सगळं खरं निघतं आहे.

"बाबा, काढा ना काठी. पंधरा दिवस झाले."

"पडशीन."

"पडली तं पडली. तुमी शिकले तवा पडले नव्हते?"

निवृत्तीनं सुतळीच्या गाठीत तोंड घातलं. "लय पडलो," तो म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान गरम होत, ते त्याला स्वतःला कळे.

वेळू सुटला. तो त्यानं विहिरीच्या काठाला टेकवला. सोजरनं परकर खोचला, डावा पाय पायडलवर ठेवला, उजवा नळीखालून पलीकडे घातला आणि कैची मारली. निवृत्ती सीट धरून खळ्याच्या कडेकडेनं धावू लागला.

"सोडू नका हो, बाबा!"

"नाही सोडत. समोर पाह्य!"

एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात त्याला धाप लागली आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपण सीट धरलेली नाही, नुसतं बोट टेकवलं आहे. मग त्यानं तेही काढलं. सोजर पुढे गेली. सायकल डुलली, सावरली, बाभळीला वळसा घालून परत आली. पोरगी समोर पाहत होती, ओठ घट्ट मिटून. निवृत्तीचा ऊर इतका भरून आला, की त्याला जागच्या जागी खाली बसावंसं वाटलं. आपल्याला न येणारी गोष्ट आपण पोरीला दिली, हे त्याला खरंच वाटेना.

"वा वं पोरी!"

बांधावर त्याचे सासरे, उकंडराव उभे होते. सोनाळ्याहून एस.टी.च्या मोटारीनं येऊन, गावातून शेतापर्यंत चालत आलेले, पाय धुळीनं पांढरे, काखेत पिशवी. सोजरनं सायकलवरून उडीच मारली आणि "आबाजी!" करत त्यांना जाऊन बिलगली.

"कोणं शिकवलं वं तुले?"

"बाबानं."

उकंडराव हसले. सायकलजवळ येऊन त्यांनी तिच्या नळीवरून हात फिरवला. "जवाईबापू, तुमी तं नवीच ठेवली हो. पण एक सांगतो. दहा वर्सं झाले, म्या तुमाले हिच्यावर बसेल कधी पाह्यलं नाही. मारा एक चक्कर. म्हाताऱ्याचे डोळे निवू द्या."

सासऱ्याचं म्हणणं मोडायचं कसं? गुडघा दुखतो म्हणावं, तर आत्ताच दोन फेरे धावलेला त्यांनी पाहिला असणार. निवृत्ती विहिरीकडे तोंड करून उगाच बादलीचा दोर गुंडाळू लागला.

मागे खटकन आवाज झाला.

"आबाजी, चैन उतरली," सोजर म्हणाली.

निवृत्तीनं वळून पाहिलं. चेन खरंच लोंबत होती. सकाळीच त्यानं ती तेल देऊन ताणली होती, आपोआप उतरण्याची गोष्टच नव्हती. सोजर हात पाठीमागे लपवून उभी होती आणि परकराच्या काठाला काळ्या ग्रीसची बोटं उमटली होती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, आजोबांच्या पिशवीकडे पाहत होती.

म्हणजे पोरीला ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे. इतर कुणी सोडून तिनं बापालाच गुरू केलं, तेही ठाऊक असूनच केलं असेल. निवृत्तीला लाज वाटली, माया आली, आणि दोन्ही एकदमच आली. दहा वर्षं आपण खोटं निभावलं ते निभावलं, पण आठ वर्षांच्या लेकरानं आपल्यासाठी खोटं बोलावं, हे त्याला सोसवेना.

"मामाजी," तो सासऱ्याला म्हणाला, "चैन उतरली नाही. पोरीनं उतरवली. मले सायकल येत नाही."

उकंडरावांनी काखेतली पिशवी खाली ठेवली.

"तवाबी येत नव्हती. माहा मामा म्हणे रुसून बस, मी बसलो."

विहिरीवरच्या निंबातून साळुंक्या कचकचत होत्या. उकंडराव विहिरीच्या दगडावर टेकले. "मले तरी कुठं येते," ते म्हणाले.

"काय?"

"सकाळच्या मोटारीनं अकोटाले गेलो, सायकल घेतली. दुकानदार म्हणे, बसा अन् जा, दोन घंट्यात सोनाळ्याले पोचसान. येत असती तं बसलो असतो. मोटारीच्या टपावर टाकाव तं ओरखडा पडते. जवायाची वस्तू. मग घेतली हातात अन् आलो चालत. हिवरखेडाजवळ जोडा तुटला, तो तिथंच टाकला. तुमची पंगत उपाशी होती ना, म्हणून कुठं बसलो नाही."

त्यांच्या बोलण्यात गाऱ्हाणं नव्हतं. जुन्या प्रवासाची हकिकत सांगावी तसं सांगत होते.

निवृत्तीला ती संध्याकाळ आठवली. सायकल आठवली, नळीला गुंडाळलेला खाकी कागदसुद्धा आठवला. ती घेऊन उभा असलेला माणूस काही केल्या आठवेना. तेव्हा आपण त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

सोजरनं चेन पुन्हा बसवली होती. तिनं विचारल्यासारखं दोघांकडे पाहिलं. "जाय, मार चक्कर," निवृत्ती म्हणाला. ती गेली.

मग त्यानं विहिरीतून बादली शेंदली आणि तांब्यासकट उकंडरावांच्या पुढ्यात आणून ठेवली. पाणी प्यायला ते ओंजळ पुढे करू लागले, तर निवृत्ती त्यांच्या पायांशी बसला होता.

"हे काय करून राह्यले, जवाईबापू? उठा. उलटं होते हे." मांडवात पाटावर बसवून जावयाचे पाय त्यांनीच धुतले होते. त्याच्या उलट कधी झालेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"होऊ द्या. पाय इकडं करा, मामाजी."

उकंडरावांनी पाय मागे घेतले. बराच वेळ घेतलेलेच ठेवले. निवृत्ती भरलेला तांब्या हातात घेऊन, मान खाली घालून बसून राहिला. खळ्यात सोजरचा तिसरा फेरा चालला होता. शेवटी म्हाताऱ्यानं धोतर जरा वर धरलं आणि एक पाय हळूच पुढे केला.