मांडुळाचं तोंड

खासबागेत महाराजांनी कुस्त्यांचं मैदान बांधलं, त्या सालची गोष्ट. पन्हाळ्याची धोंडुबाई दुपारी माझ्या लेकीला, शालूला, सून म्हणून बघायला उचगावात येणार होती. स्थळ मध्यस्थानं आणलेलं, मी त्या बाईला कधी पाहिलंही नव्हतं. भिंती सारवायच्या म्हणून शालू सकाळीच बांधाकडची पांढरी माती उकरत होती, तेवढ्यात ती किंचाळली.

आम्ही धावलो. खड्ड्यात मांडूळ, आणि शालूच्या पावलावर रुपयाएवढा पांढरा डाग! मांडूळ चाटलं की कोड फुटतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. अशी पोरगी कोण करून नेणार?

"शेपटी लागली असंल तर काय भ्या न्हाय," माझा भाऊ आकाराम म्हणाला.

पण शेपटी कुठली? दोन्ही टोकं सारखीच बोथट.

"सहा म्हयनं हिकडनं त्वांड, सहा म्हयनं तिकडनं. नागपंचमीपास्नं मोजा की!" आकारामनंच तोडगा काढला.

मी बोटं मोजली. एकदा तोंड डावीकडं आलं, एकदा उजवीकडं. शेजारचा लालासाब नालबंद म्हणाला, "अधिक म्हयना धरलासा काय?" झालं, पुन्हा पहिल्यापासून. माझं डोकं पार भंजाळलं.

"आबा, बघा की वो," म्हणत शालू रडत माझ्याकडं आली आणि मी चक्क मागं सरलो.

"थांब तितंच! आदी त्वांड तरी सापडू दे!" मी खेकसलो.

एवढ्यात पायवाटेनं एक बाई आली. काय झालं म्हणून तिनं विचारलं, पण भांडणात तिला उत्तर कोण देणार? ती सरळ खड्ड्याशी बसली. शालूचं पाऊल मांडीवर घेतलं, सोबतच्या तांब्यातल्या पाण्यानं पदर भिजवला आणि खसाखसा चोळलं. डाग गेला. नुसती पांढरी माती होती! मग तिनं मांडूळ दोन्ही हातांनी उचलून बांधापल्याड सोडलं.

"गरीब जनावर हाय," ती म्हणाली. "तू शालू न्हवं? मी पन्हाळ्याची धोंडुबाई. लवकर निघालो, लवकर पोचलो. पोरी, मला तू पसंत हाईस."

मला केवढं हायसं वाटलं!

मग तिनं आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"हिचा बाप कुटं हाय? आला न्हाय व्हय?"

मी दहा हातांवरच उभा होतो. शालूनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.