स्वेच्छेने गेलेल्यांचा फळा

मी एक जुना, नावांचा फळा आहे. मरीबीन गावच्या सभागृहात, चहाच्या खोलीच्या दाराशेजारी टांगलेला. मित्रांनो, माझं लाकूड तांबडं आणि अक्षरं सोन्याच्या वर्खाची आहेत.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा गावाने वर्गणी काढून मला घडवलं. त्या युद्धात आमच्या ऑस्ट्रेलियाने सक्तीची भरती दोनदा मतदान करून नाकारली होती. गावाला त्याचा कोण अभिमान! म्हणून सुताराने माझ्या माथ्यावर ठसठशीत कोरलं, 'स्वेच्छेने गेले, परतले नाहीत.' त्याखाली अकरा नावं होती, दुसऱ्या युद्धानंतर आणखी सात आली. दर पंचवीस एप्रिलला, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनी, माझ्यासमोर बिगुल वाजायचा, टोप्या उतरायच्या, लोक मान खाली घालून उभे राहायचे. माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

मग व्हिएतनामचं युद्ध आलं आणि सक्तीही आली. पिंपात जन्मतारखांच्या गोट्या घालून फिरवायच्या. जी तारीख निघेल त्या तारखेची वीस वर्षांची मुलं सैन्यात जायची. गायींचा गोठा चालवणाऱ्या एल्सी पॅस्कोच्या एकुलत्या कॉलिनची तारीख निघाली. तो गेला, आणि दहा महिन्यांत सुरुंगावर पाय पडून मेला.

पुढच्या एप्रिलमध्ये एल्सी सभागृहाच्या समितीच्या अध्यक्षासमोर, आर्थर ट्रेलोरसमोर, येऊन उभी राहिली. आर्थरच्या धाकट्या भावाचं, विल्फचं, नाव माझ्यावर आहे.

"खाली कोपऱ्यात जागा आहे, आर्थर. कॉलिनचं नाव लिहा."

"वरचं वाच की, एल्सी. स्वेच्छेने. आमचा विल्फ आपणहून गेला होता. तुझ्या पोराला न्यावं लागलं."

"गेला नसता तर तूच त्याला भेकड म्हणाला असतास. गेला तर म्हणतोस, आपणहून नाही गेला. मग पोराने करायचं तरी काय होतं?"

आर्थर टोपी चाचपत राहिला. नाव काही लिहिलं नाही. मित्रांनो, तिला अडवणारा शब्द माझ्या कपाळावर होता. शरमेने मला तडकून जावंसं वाटलं, पण लाकूड आपल्या मनाने तडकत नाही.

ती दर एप्रिलला आली. दर एप्रिलला तेच उत्तर मिळालं. पुढे मोठ्या शहरात त्या युद्धातल्या सैनिकांची मिरवणूक निघाली, उशिरा का होईना लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्थर वारला. त्याची नात ब्रॉनविन अध्यक्ष झाली. मला वाटलं, सुटली एकदाची एल्सी.

"एल्सीआजी, माझ्या हातात असतं तर आजच लिहिलं असतं," ब्रॉनविन म्हणाली. "पण फळा आता वारशाच्या यादीत गेलाय. जुनी वस्तू आहे. एक अक्षरही बदलायला परवानगी नाही."

"त्याची धूळ पुसायला तरी परवानगी आहे ना?"

"हो, तेवढं चालतं."

"मग मी पुसते."

म्हणजे आधी माझा शब्द तिच्या आड आला, आता माझं म्हातारपण आड येतंय. लोक माझं कौतुक करतात, फोटो काढतात. कसलं डोंबलाचं कौतुक!

एल्सी आता एक्क्याण्णव वर्षांची आहे. एप्रिलमध्ये येते, मला पुसते आणि कोणी बघत नाही असं पाहून ओल्या बोटाने रिकाम्या कोपऱ्यात 'कॉलिन पॅस्को' लिहिते. वाळायला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ ती समोर उभी राहते. यंदा एकेक अक्षर काढायला तिला फार वेळ लागला. आडनाव पुरं होईपर्यंत आधीचं 'कॉलिन' वाळूनही गेलं होतं. ती पुन्हा पहिल्यापासून लिहू लागली.

मित्रांनो, मला जपू नका. छिन्नी आणा, माझं कपाळ तासा, यादीतून काढून टाका, काय वाटेल ते करा. पण त्या पोराचं नाव लिहा. आणि एल्सीला डोळ्यांनी दिसतंय तोवर लिहा.